पावसाआधी घराची डागडुजी



जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि मे महिना सरत आला की परततात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस दाराशी येतो. कित्येक महिने बंद राहिलेले घर शाकारायला हाती जेमतेम पंधरा दिवस उरतात. या दिवसांत काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे, ते येथे मांडत आहे. आपल्यापैकी ज्यांची गावाकडे कौलारू घरे आहेत, त्यांनाही हे उपयोगी पडेल.

आधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी आम्ही देणगीतून दोन घरांच्या कुडाच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून दिला. फोटो छान आले. तिसऱ्या पावसाळ्यात गिलाव्याचे पोपडे सुटले आणि आतली कारवी भुशासारखी हाताला लागली. कुड म्हणजे कारवीच्या काठ्या विणून वर शेणमाती लिंपलेली भिंत. ती ओल शोषते आणि ऊन पडले की सोडते. सिमेंट ती ओल आत कोंडते. शिवाय माती आणि सिमेंट सारखे फुगत-आकसत नाहीत, म्हणून भेगा पडतात आणि भेगांतून आणखी पाणी शिरते. घरधन्याला विचारले, तर तो म्हणाला, "भाऊ, आम्हाला ठाऊक होतं. पण पैसे तुमचे होते."

छप्पर

सुरुवात छपरापासून करावी. वरून गळत असेल तर खालची लिंपणे वाया जातात. भर दुपारी दारे-खिडक्या लावून आत उभे राहा. जिथून उजेडाचे ठिपके दिसतील तिथे वाशावर खडूने खूण करा. पाणी वाशावरून ओघळत खाली येते, त्यामुळे ते जिथे टपकते त्याच्या वरच्या अंगाला फट शोधावी.

कौलांवर थेट पाय देऊ नये. शिडी किंवा फळी आडवी टाकून, खाली वासा आहे अशा जागीच भार द्यावा. पालापाचोळा व शेवाळ काढून कौलांचे पन्हळ मोकळे करावेत. नवी कौले वळचणीकडून आढ्याकडे लावत जावे, म्हणजे वरचे कौल खालच्यावर चढते. दोन कारखान्यांची कौले एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून जुन्याचा एक तुकडा बाजारात सोबत न्यावा आणि दहा-पंधरा कौले जास्तीची आणून ठेवावीत. आपण ज्याला मंगलोरी कौल म्हणतो, त्याचा मंगलोरमधील पहिला कारखाना 1865 साली बासेल मिशनने काढला होता.

लाकूड

मेढी, वासे आणि रिपा विळ्याच्या टोकाने टोचून पाहाव्यात. टोक सहज रुतले किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर आत वाळवी आहे असे समजावे. मातीच्या नळ्या खरवडून भागत नाही. वाळवी जमिनीतून येते. मेढीचा कुजलेला पाय कापून खाली दगड द्यावा, म्हणजे लाकडाचा मातीशी संबंध तुटतो. हे काम छपराला टेकू दिल्याशिवाय करू नये. बदलायचा बांबू पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला असावा आणि काही आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवावा. असा बांबू भुंगा कमी पोखरतो.

भिंत

मातीत चिरलेला पेंढा किंवा तूस घालून ती दोन-तीन दिवस भिजत ठेवावी. भेगेतली सुटी माती काढून भेग ओली करावी आणि मग पातळ थरांनी भरावी. एकदम जाड थर दिला की वाळताना तडकतो. शेवटी शेणमातीचा हात द्यावा. पावसाआधी हे लिंपण पुरते वाळायला हवे, म्हणून छपरानंतर लगेच भिंत घ्यावी.

घराभोवती

कुड बहुधा खालून खचतो. पागोळ्यांचे पाणी उडून भिंतीचा पाय भिजत राहतो. वळचण किमान दीड हात बाहेर असावी, अंगणाचा उतार घरापासून दूर असावा आणि पागोळ्यांच्या रेषेत पाणी वाहून नेणारा चर असावा. जळाऊ लाकडे भिंतीला टेकवून रचू नयेत. त्यातून वाळवी चढते आणि सापांना आसरा मिळतो. जोत्यातली बिळे बुजवावीत. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. म्हणून पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपावे. दंशाची नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठावा.

पत्र्याचे छप्पर असेल तर विजेची तार पत्र्याला घासत नाही ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. स्लॅबच्या घरकुलात पाणी जाण्याचे पाइप साफ करावेत. साचलेले पाणीच पुढे गळतीचे कारण होते.

आपण काय करू शकता

त्या घरधन्याच्या शब्दांनंतर आम्ही कामाची पद्धत बदलली. आता साहित्य ठरवण्याआधी घरच्या माणसांसोबत घराभोवती एक फेरी मारतो आणि कुठे काय लागेल ते त्यांनाच सांगू देतो. पुष्कळदा उत्तर स्वस्त असते: पन्नास कौले, चार वासे, दोन दिवस हाताखाली दोन माणसे. त्या दोन घरांचे सिमेंट आम्ही मिळूनच खरवडले आणि नव्या कारवीचा कुड घातला. लिंपण घरच्या बायकांनी केले. आम्ही माती तुडवली.

तेव्हा मदत पाठवायची असेल तर मेच्या मध्यापर्यंत पोहोचेल अशी पाठवा. जूनच्या अखेरीस आलेल्या कौलांचा त्या वर्षी उपयोग होत नाही. तरुण मंडळींना मेअखेरीचे चार दिवस काढता आले तर त्याहून उत्तम. येताना कामाचे कपडे आणा. काय करायचे ते घरची मंडळी सांगतील.