हुकुमाचा ताबेदार

वैशाखातल्या एखाद्या संध्याकाळी गाडी दारासमोर उभी करून, किल्ली खिशात टाकून आपण जिना चढावा, आणि हातपाय धुऊन, चहा घेऊन सज्जात यावे, तो खाली त्या निद्रिस्त मानलेल्या वाहनाच्या पोटातून अद्याप घरघर ऐकू यावी, हा अनुभव पुष्कळांच्या वाट्यास येतो. इंजिन बंद, दिवे बंद, दारे कुलूपबंद. बॉनेटखालचा पंखा मात्र अखंड फिरतोच आहे. अशा वेळी ‘पंखा बिघडला’ असा निवाडा साक्षीपुराव्यावाचून देऊन मालक मोकळा होतो. वस्तुतः जो पंखा फिरतो आहे त्याच्यातच दोष असण्याचा संभव फार अल्प. तो बिचारा हुकुमाचा ताबेदार. तपास करावयाचा तो याचा, की हुकूम दिला कोणी आणि मागे घेण्याचे राहिले कोणाकडून.

अँबेसेडर-पद्मिनीच्या अमदानीत हा प्रश्न उद्भवत नसे. पंखा पट्ट्याने इंजिनालाच जखडलेला असल्यामुळे इंजिन फिरे तोवर तो फिरे आणि इंजिन थांबताच थांबे. त्या व्यवस्थेत दोष एवढाच, की घाटाच्या चढणीवर गाडी रखडू लागली की पंख्याचा वेगही इंजिनाबरोबर मंदावे आणि नेमक्या निकडीच्या वेळी वारा अपुरा पडे. माथ्यावर बॉनेट उघडून वाफा सोडीत उभ्या राहिलेल्या गाड्या हे त्या काळचे नित्याचे दृश्य होते. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली ती इंजिन आडवे बसवून. तेथे इंजिनाच्या टोकाचा पंखा रेडिएटरच्या समोर येणे शक्य नसल्यामुळे त्याला विजेची स्वतंत्र मोटार मिळाली. पंखा स्वतंत्र झाला, आणि त्याने केव्हा फिरावे हे ठरविणारी एक कचेरीच बॉनेटखाली उभी राहिली.

त्या कचेरीचा शिरस्ता असा. जळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे एकतृतीयांश कूलंटच्या वाट्यास येते. हे कूलंट ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तापले की थर्मोस्टॅटची झडप उघडून ते रेडिएटरकडे वळते. तेवढ्यानेही न भागता उष्णतामान ९५ ते १०० अंशांच्या घरात गेले, तर पंख्यास पाचारण होते, आणि ते काही अंशांनी उतरले की त्याला रजा मिळते. ही वर्दी देणारा सेन्सर ज्या गुणधर्मावर चालतो तो मायकेल फॅरेडे यांनी १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता: तापविले असता धातूंचा विद्युत्‌रोध वाढतो, या पदार्थाचा मात्र घटतो. सेन्सरची वर्दी संगणक वाचतो, आणि त्याचा क्षीण इशारा पंख्याच्या दांडग्या प्रवाहापर्यंत पोहोचविण्याचे काम रिले नावाची लहानशी डबी करते.

तपासाचा पहिला नियम असा, की निरपराध्यास प्रथम वगळावे. एसी चालू असेल तर इंजिन थंड असूनही पंखा फिरणारच, कारण एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसलेला असून दोघांना वारा एकच. कित्येक गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही काही मिनिटे पंखा चालू राहतो, तो बनविणाऱ्यांच्या योजनेनुसार. आणि धुराची गाळणी असलेल्या नव्या डिझेल गाडीत तर गाळणीतील काजळी जाळण्याचे काम अर्धवट राहिले असता तो अधिकच रेंगाळतो. पण अर्धा तास उलटूनही घरघर थांबत नसेल, तर सकाळी बॅटरी उतरलेली आढळणार हे समजून पुढील चौकशी हाती घ्यावी.

त्यानंतर, उष्णता खरीच आहे काय, हे पाहावे. गाडी थंड असताना कूलंटची टाकी किमान आणि कमाल या दोन रेघांच्या मध्ये भरलेली आहे ना, रेडिएटरच्या जाळीत चिखल-पाचोळा तर बसला नाही ना, हे डोळ्यांनीच कळते. इंजिन तापूनही रेडिएटरचा खालचा होज गार राहत असेल, तर झडप बंदच अडकल्याचा संशय घ्यावा. मात्र तापलेल्या गाडीचे झाकण कदापि उघडू नये. आत दाब असतो, आणि वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल होताच ते क्षणात वाफ होऊन तोंडावर येते.

उष्णता खोटी ठरली, तर रिले काढून पाहावा. तो काढल्यावरही पंखा थांबला नाही, तर वीज रिलेला वळसा घालून जाते आहे. थांबला, तर त्याच जातीचा दुसरा रिले लावावा. आता पंखा शिस्तीने वागू लागल्यास जुन्याचे संपर्क ठिणग्यांनी जळून परस्परांस चिकटले होते असे समजावे. दुसऱ्या रिलेनेही तो फिरू लागला, तर हुकूम वरूनच येतो आहे. येथे बहुधा गुन्हेगार सापडतो तो सेन्सर किंवा त्याची तार. तार तुटली की संगणकाच्या दप्तरी उणे ४० अंशांची नोंद पडते. भर वैशाखात असली वर्दी देणारा दूत विश्वासार्ह नव्हे, हे ओळखून संगणक इंजिन जळण्याचा धोका पत्करण्याऐवजी पंखा चालूच ठेवतो. स्कॅनर लावल्यास पी ०११८ असा संकेत दिसतो. तारा परस्परांस चिकटल्या असतील तर पी ०११७. आपण ज्याला खोड म्हणतो ती पुष्कळदा अशी सावधगिरी असते.

राहिली एक शक्यता, आणि वापरलेली गाडी विकत घेणाऱ्याने ती आधी पडताळावी. गाडी तापते अशी तक्रार आली असता कारण शोधण्याचा खटाटोप टाळून कोणी मिस्त्री पंखा ‘डायरेक्ट’ करून, म्हणजे रिलेला वळसा घालून थेट विजेला जोडून देतो. मूळ दोष आत तसाच राहतो आणि त्याचा बोभाटा तेवढा बंद होतो. कानाला त्रास नको म्हणून फ्यूज उपटून ठेवणारा मालकही त्याच पंथाचा. बॅटरी वाचविण्यासाठी एका रात्रीपुरता फ्यूज काढणे क्षम्य आहे. परंतु ती तहकुबी होय, निकाल नव्हे. म्हणून काढलेला फ्यूज चिठ्ठीत गुंडाळून स्टिअरिंगलाच बांधून ठेवावा, म्हणजे सकाळच्या घाईत गाडी सुरू करणारा हात प्रथम त्याच्यावर पडेल.