छळाला नीतीची संमति मिळूं शकते काय ?

नीतिशास्त्राच्या चर्चेंत एक काल्पनिक प्रसंग वारंवार पुढें केला जातो. गर्दीच्या शहरांत कोठें तरी बाँब ठेवलेला आहे, तो तासाभरांत फुटणार आहे, आणि तो ठेवणारा इसम आपल्या हातीं सांपडला असूनहि तोंड उघडीत नाहीं. अशा वेळीं त्याला यातना देऊन ती जागा त्याच्याकडून वदवून घ्यावी कीं नाहीं ? श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत ‘घ्यावी’ असेंच उत्तर तत्काळ उमटेल. त्या उत्तरामागें क्रौर्य नसतें. निरपराध माणसांविषयींची कळकळ असते. म्हणूनच ‘छळ वाईट’ एवढें म्हणून या प्रश्नांतून सुटका होत नाहीं.

परंतु कल्पित प्रसंगाची एक मोठी सोय असते. त्यांत जें जें ठाऊक असावयास हवें, तें सारें आपणांस आधींच ठाऊक असतें. बाँब आहे हें निश्चित, पकडलेला मनुष्य तोच हें निश्चित, आणि तो बोलला तर वेळेवर पोंचतां येईल हेंहि निश्चित ! प्रत्यक्ष व्यवहारांत ही निश्चिति कितपत मिळते, हें पाहण्यासाठीं एक घडलेली हकीकत घेऊं.

२००२ सालच्या सप्टेंबरच्या २७ तारखेस जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरांत एका अकरा वर्षांच्या मुलाला पळविण्यांत आलें, आणि त्याच्या कुटुंबाकडे दहा लक्ष यूरोंची खंडणी मागण्यांत आली. खंडणी उचलणारा तरुण ३० तारखेस पकडला गेला. पण मूल कोठें आहे, हें तो सांगेना. मूल कोठें तरी डांबलेलें असावें व त्याचा जीव धोक्यांत असावा, या धास्तीनें पोलिसांच्या उपप्रमुखानें १ ऑक्टोबरला सकाळीं हुकूम दिला कीं, आरोपीला तीव्र वेदना देण्याची धमकी द्यावी, आणि जरूर पडल्यास ती खरीहि करावी. सुमारें दहा मिनिटांत आरोपीनें जागा सांगितली. पोलीस तेथें गेले, तेव्हां त्यांना मुलाचें प्रेत मिळालें. ज्या दिवशीं त्याला पळविलें, त्याच दिवशीं त्याचा खून झाला होता.

या हकीकतींत दोन्ही पक्षांना धडा आहे. दंडुक्याच्या धाकानें कधींच कांहीं निष्पन्न होत नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं हें मान्य केलें पाहिजे कीं, येथें आरोपी खरें तेंच बोलला. छळाला केवळ निरुपयोगी म्हणून विरोध करणाऱ्याला, तो उपयोगी पडल्याचें एक उदाहरण दाखवितांच गप्प बसावें लागेल. उलट, जीव वांचविण्यासाठीं सारें क्षम्य, असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानीं घ्यावें कीं, ज्या जिवासाठीं हा मार्ग पत्करला, तो चार दिवसांपूर्वींच गेलेला होता. हुकूम देणाराला तें ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक होण्याचा मार्गहि नव्हता.

मग विरोधाचें खरें कारण कोणतें ? कोणी म्हणेल, “अंगावर चालून येणाऱ्या मारेकऱ्याला गोळी घालणें आपण न्याय्य मानतों, मग त्याहून सौम्य अशा यातना अन्याय्य कां?” भेद असा आहे. मारेकऱ्यानें शस्त्र टाकलें कीं आपला हात थांबतो, थांबलाच पाहिजे. कोठडींतील मनुष्यानें शस्त्र केव्हांच टाकलेलें असतें; तो सर्वस्वीं आपल्या ताब्यांत असतो. त्याच्या यातना थांबण्याची एकच वाट, ती म्हणजे आपणांस हवी ती माहिती देणें. आणि ज्याला कांहींच ठाऊक नाहीं, त्यानें काय करावें ? अपराध्याला निदान बोलण्याची वाट मोकळी असते. निरपराध्याला तीहि नसते. ‘मला ठाऊक नाहीं’ हें त्याचें खरें उत्तर हट्ट ठरतें, आणि हट्टाबद्दल यातना वाढतात. अपराध्यापेक्षां निरपराध्यालाच जें साधन अधिक निर्दयपणें वागवितें, तें न्यायाचें साधन कसें म्हणावें ?

अशा माणसापुढें अखेर एकच उपाय उरतो, तो म्हणजे विचारणाराला रुचेल असें कांहीं तरी रचून सांगणें. इब्न अल्-शेख अल्-लिबी नांवाचा एक लिबियन इसम २००१ सालच्या अखेरीस पकडला जाऊन अमेरिकेच्या ताब्यांत आला. त्याला ईजिप्तमध्यें पाठविल्यावर तेथील चौकशींत त्यानें सांगितलें कीं, इराकनें अल् कायदाच्या लोकांना रासायनिक व जैविक अस्त्रांचें शिक्षण दिलें आहे. ५ फेब्रुवारी २००३ रोजीं अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनीं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढें युद्धाची बाजू मांडतांना ही माहिती वापरली. पुढच्याच महिन्यांत युद्ध सुरू झालें. २००४ सालीं अल्-लिबीनें ती जबानी मागें घेतली. छळांतून सुटण्यासाठीं आपण ती रचली होती, असें त्यानें सांगितलें.

कोणी सुचवील कीं, कडक अटी घालून केवळ अपवाद म्हणून परवानगी द्यावी. हा प्रयोगहि होऊन गेला आहे. इस्राएलमध्यें १९८७ सालीं न्यायमूर्ति लांडाउ यांच्या आयोगानें दहशतवाद्यांच्या चौकशींत ‘मर्यादित शारीरिक दबावा’ची मुभा दिली. परंतु ज्या खात्याला परवाना मिळतो, त्याला प्रत्येक कैदी अपवादात्मकच वाटूं लागतो. झोंप न देणें, जोरजोरानें हादरविणें, वेदनादायक स्थितींत जखडून ठेवणें, हे प्रकार चौकशीचें अंग होऊन बसले; आणि १९९९ सालीं त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला ते बेकायदा ठरवावे लागले.

तर मग फ्रँकफुर्टच्या उपप्रमुखानें काय करावयास हवें होतें ? तो दुष्ट नव्हता. आपल्या हुकुमाची नोंद त्यानें स्वतःच कागदोपत्रीं करून ठेवली होती. २००४ सालच्या डिसेंबरांत न्यायालयानें त्याला दोषी ठरविलें. मात्र त्याचा हेतु ध्यानांत घेऊन ताकीद दिली आणि १०,८०० यूरोंचा दंड तहकूब ठेवला. पोलिसांपुढील कबुलीजबाब पुराव्यांतून वगळण्यांत आले. तरीहि आरोपीनें भर न्यायालयांत पुन्हां कबुली दिली व त्याला जन्मठेप झाली. २०१० सालीं युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, एखाद्याचा जीव धोक्यांत असला तरीहि अशा वागणुकीची मनाई अबाधित राहते. मला यांत प्रश्नाचें उत्तर दिसतें. नियम मोडणाराची आपण कीव करूं, त्याची शिक्षाहि सौम्य करूं. पण त्याला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलेंच पाहिजे. क्षमा ही कृत्यानंतर देतां येते. परवाना मात्र कृत्यापूर्वीं द्यावा लागतो, आणि तो एका माणसापुरता कधींच राहत नाहीं.

आपल्या देशाला हा विषय परका नाहीं. मद्रास इलाख्यांत सारावसुलीसाठीं व पोलिसतपासांत रयतेचा छळ होतो, हें १८५५ सालच्या चौकशी आयोगानें उघड केलें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें, पोलिसांपुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालणार नाहीं, असें ठरविलें. मात्र अशा जबाबावरून एखादी वस्तु सांपडली, तर तेवढा भाग ग्राह्य ठेवला. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेंहि हें दोन्ही कायम राखलें आहे. १९९६ सालीं डी. के. बसु खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें अटकेचा लेखी पंचनामा, नातलगांना खबर व दर ४८ तासांनीं वैद्यकीय तपासणी यांचे दंडक घालून दिले. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानें १९९७ सालीं सही केली. तिला अनुसमर्थन मात्र अद्याप मिळालेलें नाहीं.

कायद्याचे शब्द पुष्कळ आहेत. उणीव आहे ती लोकमताची. एखाद्या भयंकर गुन्ह्याची वार्ता वाचली कीं, “पोलिसी खाक्या दाखविल्याखेरीज हा बोलणार नाहीं,” असें आपण सुशिक्षित माणसेंच घरांत सहज बोलून जातों. पण त्या खाक्याची गांठ बाँब ठेवणाराशीं क्वचितच पडते. ती पडते, घरांतून दागिना नाहींसा झाला म्हणून संशयावरून नेलेल्या मोलकरणीशीं, नाक्यावरून उचललेल्या हमालाशीं, ज्याच्यासाठीं वकील धांवत येत नाहीं अशा माणसाशीं. तक्रार देतांना आपण कोणाचें नांव घेतों आणि पुढें त्याचें काय होतें याची विचारपूस करतों कीं नाहीं, येथेंच या प्रश्नाचा निकाल आपल्यापुरता लागत असतो.