कुणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं, तर आपण काय म्हणायचं?

आष्टी आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या ताया, मावश्या, अक्का, सगळ्यांना राम राम, जय भीम, सलाम!

बघा, याला काय उत्तर द्यायचं, हे आम्ही तुम्हाला शिकवायची गरज नाही. 'राम राम'ला 'राम राम', 'जय भीम'ला 'जय भीम', 'सलाम वालेकुम'ला 'वालेकुम सलाम'. उत्तर जिभेवर तयार असतं. पण बँकेतले नवे साहेब 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणाले, की आपण पदर सावरतो, हसतो आणि खाली बघतो. साहेबांना वाटतं, या बाईंना बोलायचं नाही. मग ते आपल्यासोबत आलेल्या पोराशी बोलू लागतात. कर्ज आपल्या गटाचं, सही आपली, आणि बोलणं दुसऱ्याशी! असं होऊ नये, म्हणून आजचा हा विषय.

पहिली गोष्ट. 'हाऊ आर यू?' म्हणजे 'कशा आहात?' हा खरं तर प्रश्न नसतोच. आपल्याकडे वाटेत कुणी विचारतं, 'काय, झालं का जेवण?' आपण म्हणतो, 'झालं, तुमचं?' भाजीत मीठ जास्त पडलं होतं, हे काही सांगत बसत नाही. तसंच हे. 'फाइन, थँक यू' एवढंच म्हणायचं. जमलं तर पुढं 'अँड यू?' जोडायचं, म्हणजे 'आणि तुम्ही?' गुडघे दुखत असले तरी 'फाइन'च. गुडघ्याचं दुखणं डॉक्टरांना सांगायचं. तिथं मात्र मराठीत, नीट, सगळं सांगायचं.

दुसरी गोष्ट वेळेची. दुपारी बारापर्यंत 'गुड मॉर्निंग'. बारानंतर 'गुड आफ्टरनून'. ऊन कललं, साधारण पाच वाजले, की 'गुड इव्हनिंग'. समोरचा जे म्हणाला तेच परत म्हणायचं, म्हणजे घड्याळ बघायची गरज नाही. फक्त 'गुड नाईट' सांभाळा. ते निरोपाचं आहे. रात्री आठला पाहुणे दारात आले, तर 'गुड इव्हनिंग' म्हणायचं. 'गुड नाईट' म्हटलं, तर 'आता निघा' असा अर्थ होईल!

तिसरी गोष्ट 'थँक यू'ची. आपण घरात एकमेकींचे आभार मानत नाही. शेजारणीनं विरजण दिलं, तर 'बरं झालं बाई' म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वाटीत काहीतरी घालून वाटी परत करतो. तेच आपले आभार. इंग्रजीत मात्र हा शब्द सुट्या पैशांसारखा दिवसभर फिरतो. प्रदर्शनात आपल्या पापडाचं पाकीट घेऊन गिऱ्हाईक 'थँक यू' म्हणालं, तर लाजायचं कारण नाही. 'वेलकम' म्हणा, किंवा आपणही 'थँक यू' म्हणा. दोन्ही चालतं. कुणी 'सॉरी' म्हटलं, तर 'इट्स ओके', म्हणजे 'असू द्या'.

शुभेच्छांचं असं आहे. 'हॅपी दिवाळी' म्हटलं, तर 'सेम टू यू', म्हणजे 'तुम्हालाही'. दिवाळी दोघांचीही असते ना. पण 'हॅपी बर्थडे' म्हटलं, तर नुसतं 'थँक यू'. वाढदिवस आपला एकटीचा आहे, समोरच्याचा नाही!

बऱ्याच जणींना एक अडचण वाटते, 'एवढ्या मोठ्या माणसाला "यू" कसं म्हणायचं? अरे-तुरे होईल की!' होत नाही. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' दोन्हीला एकच 'यू' आहे. आपण 'अहो' लावतो, तिथं ते 'सर', 'मॅडम' लावतात. 'थँक यू सर' म्हटलं, की मान राखला गेला.

आणि कुणी हात पुढं केला, पण आपल्याला हात मिळवायचा नसेल तर? हसून दोन्ही हात जोडायचे, 'नमस्कार' म्हणायचं. यात कुणाचा अपमान नाही. शब्द आठवला नाही, तरी हेच करायचं. समोरच्याकडं बघून मराठीत दिलेलं उत्तर हे खाली मान घालून गप्प बसण्यापेक्षा कधीही चांगलं. नम्रपणा आवाजात आणि नजरेत असतो. तो काही इंग्रजीच्या मालकीचा नाही.

फोनवर एक सावधपणा ठेवा. 'गुड मॉर्निंग मॅडम, बँकेतून बोलतोय' असं कुणी गोड बोललं, तर 'गुड मॉर्निंग' जरूर म्हणा. पण ओटीपी मागितला, की 'नो, थँक यू' म्हणून फोन ठेवा. नम्रपणे बोललो म्हणजे होकार दिला, असं नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या नंबरवर कळवा.

आता सराव. आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. त्यामुळे घरातली नात, पुतणी हीच आपली मास्तरीण. रोज सकाळी तिनं 'गुड मॉर्निंग' म्हणायचं, आपण उत्तर द्यायचं. गटाच्या बैठकीत हप्ते गोळा होईपर्यंत दोघी-दोघींनी समोरासमोर बसायचं. एक साहेब, एक सदस्य. मग अदलाबदल. हसू येईल, येऊ द्या. मैत्रिणींसमोर चार वेळा हसून झालं, की बँकेत जीभ अडत नाही.

निघताना इंग्रजीत 'बाय' म्हणतात. आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. तसंच आम्हीही म्हणतो, येतो बरं का!