संस्थेचा हिशेब सापडतो, प्रमुखाचा पगार का सापडत नाही?

"संस्था खासगी आहे, हिशेब विचारणारे तुम्ही कोण?" देणगीदाराने किंवा एखाद्या पालकाने चौकशी केली की हे उत्तर हमखास मिळतं, आणि बरेच जण ते खरं मानून गप्प बसतात. महाराष्ट्रात ते खरं नाही. देवस्थान असो, शिक्षण संस्था असो की रुग्णालय, नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू होतो. न्यासाने हिशेब ठेवायचे, दरवर्षी तपासून घ्यायचे, आणि लेखापरीक्षकाने वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत अहवाल धर्मादाय कार्यालयात पाठवायचा, असं त्यात बंधन आहे. तिथे दाखल झालेले कागद अर्ज करून, ठरलेली फी भरून पाहता येतात आणि त्यांची नक्कलही मिळते.

सुरुवात देणगीच्या पावतीपासून करावी. तिच्यावर नोंदणी क्रमांक असतो आणि त्यातलं पहिलं अक्षरच पुष्कळ सांगून जातं. 'ए' म्हणजे हिंदू धार्मिक न्यास, 'ई' म्हणजे सर्वसाधारण धर्मादाय न्यास, 'एफ' म्हणजे 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली स्थापन झालेली आणि न्यास म्हणूनही नोंदलेली संस्था. हा क्रमांक हाती असला की परिशिष्ट 1 चा उतारा मागता येतो. विश्वस्त कोण, त्यांची नेमणूक कशी होते, मालमत्ता कोणती, हे सगळं त्यात असतं. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. लेटरहेडवरची नावं आणि उताऱ्यावरची नावं जुळत नसतील, तर तो अर्ज दिलाच नाही की निकालाविना पडून आहे, हे विचारायलाच हवं. ही चौकशी मला ताळेबंदाइतकीच महत्त्वाची वाटते, कारण ज्यांची नावं नोंदीत नाहीत अशी माणसं सह्या करत असली तर पुढचे सगळे आकडे लोंबकळत राहतात.

माहितीचा अधिकार फक्त सरकारी कचेऱ्यांपुरता आहे, हा समजही अर्धवट आहे. 2005 च्या कायद्यातली 'माहिती'ची व्याख्या नीट वाचावी. एखाद्या खासगी संस्थेची जी माहिती सरकारी प्राधिकरणाला दुसऱ्या कायद्याखाली मिळवता येते, तीही त्या व्याख्येत बसते. म्हणून संस्था दाद देत नसेल तर तिच्या दारात खेटे घालू नयेत. धर्मादाय कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. शिवाय सरकारी पैशावर भरीव प्रमाणात चालणारी संस्था स्वतःच या कायद्याखाली येते. डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे स्पष्ट केलं. अनुदानित शाळा-महाविद्यालयं चालवणाऱ्या संस्थांना हा निकाल दाखवता येतो. मात्र सरकारचं नियंत्रण किंवा देखरेख आहे एवढ्यावर संस्था 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरत नाही. केरळमधल्या थलप्पलम सहकारी बँकेच्या 2013 च्या निकालाने ती सीमा आखून दिली आहे.

आता पगाराकडे येऊ. "विश्वस्ताला एक पैसाही घेता येत नाही" ही समजूत पक्की रुजलेली आहे. पण 1951 च्या नियमांबरोबर जोडलेलं परिशिष्ट 9, म्हणजे उत्पन्न-खर्चाच्या पत्रकाचा नमुना, उघडून पाहा. खर्चाच्या बाजूला विश्वस्तांच्या मानधनाची स्वतंत्र ओळ आहे. त्याखाली मठाधिपतींच्या मानधनाची आहे, आणि तीत त्यांचा घरखर्चही धरायला सांगितलं आहे! न्यासपत्रात तशी तरतूद असेल आणि मोबदला कामाच्या मानाने वाजवी असेल, तर विश्वस्ताने तो घेण्यात गैर काही नाही. विश्वस्ताला किंवा त्याच्या नातेवाइकाला वाजवीपेक्षा जास्त पगार दिला, तर प्राप्तिकराची सवलत धोक्यात येते.

खरी अडचण त्याच पत्रकात, दोन ओळी इकडे-तिकडे आहे. मोठ्या संस्थेचा कारभार आज मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा संचालक पाहतो. तो पगारदार असतो, विश्वस्त नसतो. त्याचा पगार 'आस्थापना खर्च' या ओळीत जातो. शिपायाचं वेतन, कार्यालयाचं भाडं आणि संचालकांचा पगार, सगळ्यांचा मिळून एकच आकडा छापला जातो. हिशेब दाखल झालेला असतो, लेखापरीक्षकाची सही असते, आणि तरीही देणगीदाराला हवं ते उत्तर त्यात सापडत नाही. माहितीच्या अधिकारात ते मागावं, तर कलम 8(1)(ञ) पुढे केलं जातं. वैयक्तिक माहिती नाकारण्याच्या या कलमाला पूर्वी अटी होत्या. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने त्या काढून टाकल्या. कलम 8(2) मधला व्यापक लोकहिताचा आधार अजून शिल्लक आहे, अर्जात तो आवर्जून लिहावा.

लेखापरीक्षण झालं म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. ताळेबंदापेक्षा मी आधी नियम 19 खालची उत्तरं वाचायला सांगेन. न्यासाचा पैसा दुसऱ्याच कामाला लागला का, गुंतवणुकीत विश्वस्ताचा स्वतःचा हितसंबंध आहे का, वर्षाहून जुनी येणी किती, पाच हजारांवरच्या बांधकाम-दुरुस्तीसाठी निविदा मागवल्या का, असे थेट प्रश्न लेखापरीक्षकाला तिथे विचारलेले असतात.

शिल्लक दिसली की गडबड आहे, असं मात्र समजू नये. उत्पन्नाचे 85 टक्के उद्दिष्टावर खर्च केल्यावर उरलेले 15 टक्के बाजूला ठेवायची मुभा प्राप्तिकर कायदाच देतो. तसंच पगारावर कमी खर्च करणारी संस्था तेवढ्यावरून चांगली ठरत नाही. पूर्णवेळ कार्यकर्त्याला पोटापुरतं न देता उभी राहिलेली संस्था फार दिवस टिकत नाही. चांगला पगार द्यावा आणि तो उघड सांगावा, एवढंच मागणं आहे.

अमेरिकेत ही सोय आहे. तिथे करमुक्त धर्मादाय संस्थेला फॉर्म 990 भरावा लागतो, तो कोणालाही पाहता येतो, आणि त्यात पदाधिकाऱ्यांची नावं आणि त्यांना मिळालेली रक्कम असते. तिथल्या करमुक्त महाराष्ट्र मंडळांनाही, उलाढाल पुरेशी असेल तर, तो भरावा लागतो. आपल्याकडे न्यासांची प्राप्तिकर विवरणपत्रं लोकांना खुली नाहीत.

महाराष्ट्राला त्यासाठी दिल्लीकडे बघत बसण्याची गरज नाही. परिशिष्ट 9 हा नियमांचा भाग आहे, मूळ कायद्याचा नाही, आणि नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. आस्थापना खर्चाखाली सर्वाधिक वेतनाच्या पाच पदांची नोंद मागणारी एक ओळ अधिसूचना काढून वाढवता येते. मठाधिपतींच्या घरखर्चाला जागा देणाऱ्या या नमुन्यात तिलाही जागा होईल.