टायबरच्या खोऱ्यातील नाईक

रायगड जिल्ह्यात माणगावजवळ पळसगाव नावाचे गाव आहे. यशवंत घाडगे यांचा जन्म तेथे १९२१ साली झाला. मराठा पलटणीत ते नाईक, म्हणजे दहाएक जवानांच्या तुकडीचे प्रमुख, झाले. दुसऱ्या महायुद्धात ही पलटण इटलीत लढत होती. देश तेव्हा परतंत्र होता. युद्ध इंग्रज सरकारचे होते.

१० जुलै १९४४ रोजी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनने अगदी जवळून मारा केला. तुकडीतील सारे जवान ठार वा जखमी झाले. एकटे घाडगे उरले. ते सरळ मोर्च्यावर धावून गेले. हातबॉम्ब फेकून त्यांनी मशीनगन बंद पाडली व एका सैनिकास टॉमीगनने टिपले. इतक्यात गोळ्या संपल्या! नव्या भरण्यास काही क्षण लागतात. तेवढेही क्षण त्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याचे घाव घालून उरलेल्या दोघांना लोळविले. तोच दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत शिरल्या. जिंकलेल्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला. वय होते अवघे २२.

इंग्रज सरकारने त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर दिले. ज्यांच्या अंत्यस्थानाचा ठाव लागला नाही, अशा सैनिकांची नावे इटलीत कासिनो येथील स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांत पळसगावच्या या तरुणाचेही नाव आहे.