आधारस्वरावरचे स्तोत्र

बायबलमधील दीडशेही स्तोत्रे आठवड्यातून एकदा तरी पूर्ण गायली गेलीच पाहिजेत, असा सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीचा दंडक होता, आणि त्यामुळे मध्ययुगीन मठांना दिवसातून अनेकदा गाता येईल, तरीही शब्दांच्या आड येणार नाही, अशा चालीची गरज होती. या गायनाला पोप पहिले ग्रेगरी (590–604) यांचे नाव चिकटले असले, तरी त्याचे परिचित रूप मुख्यतः आठव्या-नवव्या शतकांत फ्रँक राज्यात, रोमन आणि स्थानिक गॉल परंपरांच्या मिश्रणातून घडले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

स्तोत्र गाताना मठवासी समोरासमोर दोन बाजूंना उभे राहतात. आधी अँटिफोन, म्हणजे त्या दिवसाला साजेसे छोटे पद, म्हटले जाते आणि त्याच्या स्वरवळणावरून स्तोत्राची चाल ठरते. आरंभी दोन-तीन स्वरांची चढण घेतली, की पुढची अक्षरे, पाच असोत वा वीस, 'टेनर' या एकाच आधारस्वरावर म्हटली जातात. चरणाच्या मध्यावर छोटेसे वळण येते, मग विराम, आणि उत्तरार्ध पुन्हा आधारस्वरावरून निघून ठरलेल्या समाप्तीवर उतरतो, की लगेच पुढचा चरण समोरची बाजू उचलते. साथीला वाद्य नाही, ताल नाही. लय लॅटिन शब्दांच्या आघातांतूनच येते. खरी कसोटी मधल्या विरामाची, कारण तिथे एकानेही घाई केली, तरी साऱ्या वृंदाचा श्वास मोडतो.

या चाली पिढ्यानुपिढ्या मुखोद्गत होत्या. स्वित्झर्लंडमधील सेंट गॉल मठाच्या दहाव्या शतकातील पोथ्यांत शब्दांच्या माथ्यावर 'न्यूम' नावाच्या बारीक खुणा दिसतात. त्या स्वराचा चढ-उतार दाखवतात, सोबतची अक्षरे कुठे रेंगाळायचे व कुठे झपाट्याने जायचे हेही सुचवतात, पण स्वराची नेमकी उंची सांगत नाहीत, म्हणजे चाल आधीच येणाऱ्यालाच त्या उपयोगी. अकराव्या शतकात अरेझ्झोच्या ग्विदो यांनी रंगीत रेषांवर स्वर मांडले, त्यामुळे कधीही न ऐकलेली चालही गाता येऊ लागली. मात्र या सोयीच्या बदल्यात लयीचे ते बारकावे हळूहळू गळून गेले, आणि हा सौदा काही स्वस्त नव्हता. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील सोलेमच्या मठवासीयांनी मूळ चालींचा शोध घेतला, तेव्हा ते रेषा नसलेल्या पोथ्यांकडेच वळले, आणि 1889 मध्ये त्यांनी सुरू केलेल्या छायाप्रतींच्या मालिकेचा पहिला खंड सेंट गॉलच्याच पोथीचा होता.