डोळ्यातील कर्करोग आणि प्रकाशाची चिकित्सा

रायपूर शहरातील एखाद्या घरात दिवेलागणीच्या वेळी वर्षाचे मूल आईच्या मांडीवर खेळत आहे, अशी कल्पना करा. दिव्याचा उजेड तिरपा पडतो आणि मुलाच्या एका डोळ्याच्या बाहुलीत आईला पांढुरकी चमक दिसते. दुसरी बाहुली नेहमीसारखी काळीभोर असते. मूल हसते-खेळते, त्याला कसलीही वेदना होत नाही. म्हणून घरातील वडीलधारी माणसे ‘मोठा झाला की जाईल’ असे म्हणून ती गोष्ट सोडून देतात. परंतु ही चमक म्हणजे रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाची पहिली खूण असू शकते. या खुणेचा आणि विज्ञानाच्या एका नव्या चिकित्सापद्धतीचा परस्परांशी निकटचा संबंध आहे. तो समजावून देणे हा या लेखाचा हेतू होय.

चमक कशामुळे दिसते?

डोळ्याच्या आतल्या बाजूस दृष्टिपटलाचा नाजूक पडदा असतो. निरोगी डोळ्यात शिरलेला प्रकाश या पडद्यामागील रक्ताने भरलेल्या थरावरून तांबूस होऊन परततो. १८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रांतर्दर्शक यंत्र तयार केले, तेव्हापासून वैद्यांना ही तांबूस आभा सहज पाहता येऊ लागली. दृष्टिपटलाच्या पेशी अनिर्बंध वाढून त्यांची गाठ झाली, म्हणजे तांबूस आभेच्या जागी पांढरी चमक दिसते. कारण गाठीचा रंगच पांढुरका असतो.

हा रोग बहुधा पाच वर्षांखालील मुलांनाच होतो. सुमारे १५,००० ते २०,००० जन्मांमागे एका मुलास तो होतो. तेराव्या गुणसूत्रावरील एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या म्हणजे रोगाची सुरुवात होते, असा तर्क अमेरिकेतील आल्फ्रेड नूडसन यांनी १९७१ साली मांडला. पुढे १९८६ साली ते जनुक प्रत्यक्ष हाती आले. काही मुलांमध्ये एक बिघडलेली प्रत जन्मतःच असते. अशा मुलांच्या दोन्ही डोळ्यांत गाठी होण्याचा संभव मोठा असतो.

प्रकाशाने गाठ जाळणे

सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हे आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक असते. १९४५ सालच्या ग्रहणात दृष्टिपटल भाजलेला रोगी पाहून जर्मन नेत्रवैद्य मायर-श्विकेराट यांच्या मनात वेगळाच विचार आला. सूर्यप्रकाश दृष्टिपटल भाजू शकतो, तर मोजूनमापून वापरलेला प्रकाश ते दुरुस्त का करू शकणार नाही? प्रारंभी त्यांनी आरशांच्या साहाय्याने सूर्यकिरणच रोग्याच्या डोळ्यात सोडले. पुढे त्यांनी झेनॉन वायूचा दिवा वापरला, आणि १९६० साली लेसरचा शोध लागल्यावर या कामी अधिक नेमके साधन मिळाले.

डोळा हे प्रकाशचिकित्सेस सर्वांत अनुकूल असे इंद्रिय आहे. त्याच्या पुढील भागातून किरण अडथळ्याशिवाय आत जातात आणि वैद्याला गाठ डोळ्यांनी पाहून तिच्यावर नेम धरता येतो. शिवाय क्ष-किरणांप्रमाणे हा प्रकाश पेशींतील जनुकद्रव्य तोडीत नाही. ज्या मुलांत जन्मतःच बिघडलेले जनुक असते, त्यांना क्ष-किरणचिकित्सेनंतर पुढील आयुष्यात दुसरा कर्करोग होण्याची भीती वाढते. म्हणून त्यांच्या दृष्टीने हा गुण मोलाचा होय.

आज लहान गाठींसाठी ८१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या लेसर किरणांची ऊब वापरली जाते. परंतु येथे एक अडचण उभी राहते. उन्हात काळे कापड लवकर तापते, पांढरे तापत नाही. रेटिनोब्लास्टोमाची गाठ पांढुरकी असल्यामुळे ती किरण फारसे शोषून घेत नाही. तिच्याखालील रंगद्रव्ययुक्त थर तापतो आणि त्याची उष्णता गाठीपर्यंत पोचते. पातळ गाठीस ती पुरते, जाड गाठीस पुरत नाही. ज्या पांढरेपणामुळे आईला रोग दिसतो, तोच पांढरेपणा रोगाला प्रकाशापासून वाचवतो.

रंगहीनास रंग

यावर उपाय एकच. गाठीला रंग द्यावयाचा. इंडोसायनिन ग्रीन हा हिरवा रंग शिरेतून देऊन लगेच लेसर सोडण्याची रीत काही नेत्रवैद्य वापरतात. हा रंग ८०० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण उत्तम शोषतो. परंतु तो रक्तातून थोड्याच वेळात निघून जातो. येथे नॅनोकणांचा विचार पुढे येतो.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, तर हे कण काही दहा नॅनोमीटरांचे. सोन्याचे इतके बारीक कण पाण्यात पिवळे न दिसता माणकासारखे लाल दिसतात, हे मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली दाखविले होते. कणांना गोल आकाराऐवजी सूक्ष्म कांडीचा आकार दिला, तर ते नेमके लेसरचे अवरक्त किरण शोषतात आणि तापतात. असे कण गाठीत पोचले, तर सौम्य प्रकाशातही गाठ तापेल आणि शेजारचे निरोगी दृष्टिपटल बचावेल, अशी ही कल्पना आहे. काचपात्रातील पेशींवर आणि प्राण्यांवर तिचे प्रयोग झाले आहेत.

दुसरा मार्ग उष्णतेचा नसून रसायनाचा आहे. १९०० साली म्युनिक येथे ऑस्कर राब या विद्यार्थ्यास असे आढळले की, विशिष्ट रंगाच्या द्रावणातील सूक्ष्मजीव अंधारात जगतात, पण उजेडात मरतात. रंग प्रकाश शोषून ती ऊर्जा ऑक्सिजनला देतो आणि उत्तेजित ऑक्सिजन पेशी नष्ट करतो. एकटा रंग किंवा एकटा प्रकाश निरुपद्रवी; दोहोंची भेट मात्र घातक. डोळ्याच्या अन्य एका विकारासाठी २००० साली मान्यता मिळालेले व्हर्टेपॉर्फिन हे औषध याच तत्त्वावर चालते. ते मेदाच्या अतिसूक्ष्म पुटिकांत भरून शिरेतून देतात आणि ६८९ नॅनोमीटरचा प्रकाश ८३ सेकंद सोडतात. प्रौढांच्या डोळ्यातील मेलॅनोमा या कर्करोगासाठी विषाणूच्या रिकाम्या कवचासारखे कण बनवून त्यांवर प्रकाशग्राही रंग जोडण्यात आला आहे. त्याची माणसांवरील तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२३ साली सुरू झाली.

आशा आणि मर्यादा

रेटिनोब्लास्टोमावरील सोन्याचे कण मात्र अद्याप रुग्णालयातील नित्याचे औषध झालेले नाहीत. कण गाठीतच जावेत, डोळ्यात किंवा यकृतात साचून अपाय करू नयेत, दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूस ऊब लागू नये, या सर्व गोष्टींची खात्री पटल्याशिवाय ते लहान मुलास देता येणार नाहीत.

आज हाती असलेले उपायही लहान नव्हेत. शिरेतून किंवा डोळ्याच्या रोहिणीतून दिलेली औषधे, गोठवण्याची क्रिया, लेसर, आणि डोळ्यास बाहेरून लावावयाची किरणोत्सर्गी चकती हे ते उपाय होत. अशी रुथेनियमची चकती ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने २०२० साली देशातच तयार केली. रोग फार वाढला असेल, तर मुलाचा जीव वाचविण्यासाठी डोळा काढावा लागतो. नव्या उपचाराच्या आशेने ही शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली, तर रोग दृष्टितंतूवाटे मेंदूकडे जातो, आणि मग डोळा व जीव दोन्ही धोक्यात येतात.

१९५६ पर्यंत नागपूर हीच या मुलखाची राजधानी होती, आणि अवघड रोगासाठी रायपूरच्या कुटुंबास नागपूरची किंवा मुंबईची वाट धरावी लागे. १९६३ साली रायपुरात वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि २०१२ पासून तेथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. विशेष उपचारांसाठी आजही मोठ्या नेत्रकेंद्राकडे जावे लागेल. पण पहिली तपासणी गावातच होऊ शकते. बाहुलीतील पांढरी चमक, छायाचित्रात एकाच डोळ्यात उमटलेला पांढरा ठिपका किंवा नव्याने आलेला तिरळेपणा, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात मुलास नेत्रवैद्याकडे न्यावे. प्रत्येक चमक कर्करोगाचीच असते असे नाही, ती मोतीबिंदूचीही असू शकते. परंतु हा निवाडा घरात बसून होत नाही.

सोन्याच्या कणांची चिकित्सा उद्या येईल तेव्हाही ती लहान गाठीवरच सर्वांत चांगली लागू पडेल, आणि गाठ लहान असतानाच ती ओळखण्याचे काम आजही घरातल्या साध्या दिव्याच्या उजेडात होऊ शकते.